खडे जडवण्याची हत्यारं घडवताना या चुका टाळा

नखी (खडा धरून ठेवणारी धातूची पकड) दाबताना पुशर (ती दाबायचं हत्यार) सटकला आणि खड्याची कड उडाली, की दोष हाताला दिला जातो. बऱ्याचदा तो हत्याराचा असतो. नवा ग्रेव्हर (धातू कोरायचं टोकदार हत्यार) तर दुकानातून अर्धवटच येतो. लांबी, मूठ आणि धार ज्याची त्याने आपल्या हाताप्रमाणे करून घ्यायची असते.

सगळ्यात महागात पडते ती घाई, ग्राइंडरवरची. साध्या कार्बन पोलादाचं टोक २३० अंशांच्या आसपास पिवळसर होतं आणि ३०० अंशांजवळ निळं. निळं झालं म्हणजे पाणी उतरलं, कडकपणा गेला. पॉलिश पेपरने रंग जातो, कडकपणा परत येत नाही. निळा भाग पूर्ण घासून काढा किंवा पुन्हा पाणी द्या, म्हणजे लाल तापवून बुडवून कडक करा. घासताना दर दोन-तीन सेकंदांनी टोक पाण्यात बुडवलं तर ही वेळच येत नाही. हायस्पीड स्टील लाल होईपर्यंत तग धरतं, तिथे निळ्या रंगाची चिंता नको. टंगस्टन कार्बाइडचं उलट आहे: तापलेलं टोक पाण्यात घातलं की तडकतं. त्याला हिऱ्याचं चाक लागतं, आणि त्याची धूळ वाईट, मास्क लावाच.

जुन्या कानशीपासून ग्रेव्हर करणाऱ्यांची वेगळीच चूक होते. कानस पूर्ण कडक असते, तशीच धार लावली तर जोर पडताच टोक तुटून डोळ्याकडे उडू शकतं. स्वतः पाणी दिलेल्या हत्याराचंही तेच. लाल तापवून, लोहचुंबक चिकटेनासा झाला की तेलात उभं बुडवायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं; पुढचं, म्हणजे ठिसूळपणा कमी करणं, राहून जातं. तापवल्याने आलेली काळी पापडी घासून पोलाद चकचकीत करा आणि टोकाला नाही, मागच्या बाजूला आच द्या. रंग पुढे सरकत येतो. पिवळसर छटा टोकाशी पोचली की लगेच थंड करा.

पुशरचं तोंड आरशासारखं चमकवणं हा हौशी लोकांचा आवडता उद्योग. ते गुळगुळीत तोंडच सटकतं. ४०० नंबरच्या पेपरवर सपाट घासा, कडा मात्र किंचित बोथट करा. तोंड नखीपेक्षा किंचितच रुंद हवं, जास्त झालं तर खड्याला टेकतं. आरशासारखी चमक बर्निशरला (धातू घासून चकचकीत करायच्या हत्याराला) आणि चकाकणारा काप घेणाऱ्या ग्रेव्हरला लागते.

ग्रेव्हर लांब वाटला तर मागून कापा, टोकाकडून नाही. मूठ तळहातात बसल्यावर टोक अंगठ्यापुढे साधारण २ सेंटिमीटर असावं. लाकडी मुठीला आधी भोक पाडा, नाहीतर ती फाटते. धार अंगठ्याच्या नखावर तपासा: टोक रुतलं तर ठीक, घसरलं तर पुन्हा दगडावर. कार्बाइडचं टोक सारखं तुटत असेल, तर तोंडाचा कोन ४५ वरून ५० अंशांवर न्या.

आणि खडा कोणता आहे ते पाहून हत्यार निवडा. कडक पोलादाची कठिणता मोह्स मापावर (खनिजांची कठिणता १ ते १० मध्ये मोजणारं माप) साडेसहाच्या आसपास असते. ओपल, फिरोजा, मोती यांच्यावर त्याचा ओरखडा उठतो. कार्बाइड तर पाचूलाही ओरबाडतं. अशा खड्यांसाठी पितळेचा पुशर करा. त्याचं तोंड लवकर चेपतं, म्हणून दर कामाआधी कानस फिरवून सपाट करून घ्यावं लागतं.