ठाण्यात राहून इंडोनेशियाची तरुणाई कशी समजून घ्यावी

इंडोनेशियातील तरुणांविषयी जाणून घ्यायचे असेल, तर बालीच्या किनाऱ्यांपासून आरंभ करू नये. जकार्ताच्या उपनगरी रेल्वेपासून करावा. दिव्याहून किंवा कळव्याहून लोकलने मुंबई गाठणाऱ्या वाचकाला ही वाट परिचयाची वाटेल.

२०२२ च्या मध्यास चितायाम, बोजोंगगेदे आणि देपोक या जकार्ताच्या दक्षिणेकडील उपनगरांतील किशोरवयीन मुलेमुली लोकलने सुदिरमान भागातील दुकुह आतास येथे जमू लागली आणि उंच कचेऱ्यांच्या छायेतील रस्ता ओलांडण्याच्या पट्ट्यांवरून, स्वस्तातले पण स्वतः हौसेने जुळवलेले कपडे घालून, फॅशन शोमध्ये चालावे तशी चालू लागली. त्या भागात ‘सुदिरमान सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट’ नावाचे श्रीमंत व्यापारी संकुल आहे आणि त्याला एससीबीडी म्हणतात. याच अक्षरांचा ‘सुदिरमान, चितायाम, बोजोंगगेदे, देपोक’ असा नवा अर्थ रूढ झाला. सीबीडी बेलापूरच्या स्थानकावरून रोज जाणाऱ्याने क्षणभर थांबून या नावाचा विचार करावा; शहराच्या मध्यावर आपलाही हक्क आहे, हे त्या मुलांनी किती थोडक्या अक्षरांत सांगितले! या घटनेची छायाचित्रे व चित्रफिती पाहताना केवळ कपडे न पाहता मुले कोठून आली, परतीची गाडी कोणती आणि बसायला जागा कोणती, हेही टिपून ठेवावे.

त्यानंतर भाषेकडे वळावे. २८ ऑक्टोबर १९२८ रोजी बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, युवक परिषदेने एक मातृभूमी, एक राष्ट्र आणि एक भाषा अशी शपथ घेतली. भाषा म्हणून निवड झाली ती मलयवर आधारलेल्या इंडोनेशियनची. सर्वाधिक लोकांच्या जावानीज भाषेची नव्हे. सातशेहून अधिक भाषांच्या त्या देशात आजही एखादा तरुण घरी सुंदानीज, वर्गात इंडोनेशियन आणि मित्रांत जकार्ताची बोली बोलतो. त्या बोलीत मी-तू साठी ‘गुए-लू’ म्हणतात, तर ‘आकू-कामू’ तेथील मित्रांमध्ये प्रेमिकांसारखे वाटू शकते. म्हणून पाठ्यपुस्तकातील सर्वनाम सरसकट वापरू नये. मराठी माणसाला शब्दसंग्रहाची मात्र भीती नाही. बहासा म्हणजे भाषा, नामा म्हणजे नाव, आणि चिंता म्हणजे प्रेम! मूळ संस्कृत शब्दाने घेतलेले हे वळण मला अत्यंत हृद्य वाटते.

‘नोंगक्रोंग’ हा शब्द अवश्य शिकावा. काही विशेष काम नसताना मित्रांसोबत तासन्‌तास बसणे, असा त्याचा अर्थ असून त्याला आपला ‘कट्टा’च जवळचा आहे. तलावपाळीवर संध्याकाळ घालवलेल्या ठाणेकरांना याहून अधिक स्पष्टीकरण नको. संगीतात दांगदुत ऐकावे. ढोलकीसारख्या वाद्याच्या बोलांवरून नाव पडलेल्या या संगीतावर हिंदी चित्रपटगीतांचा प्रभाव आहे.

प्रत्यक्ष ओळख झाली, तर आडनाव विचारू नये, कारण जावामध्ये अनेकांना कुलनामच नसते. समोरचा थोडा मोठा असेल, तर ‘काक’ म्हणावे. हा शब्द ताई आणि दादा दोघांनाही चालतो. धर्माची नोंद तेथील ओळखपत्रावर असते, तरी पहिल्याच भेटीत तो विषय आपण काढू नये. फोन करताना जकार्ताचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असते, हे लक्षात ठेवावे: ठाण्यात रात्रीचे नऊ वाजलेले असताना तेथे साडेदहा झालेले असतात.