जुन्या ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीची तक्रार : गॅरेजला जाण्याआधीची तयारी

जुन्या ऑल-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनची ताकद पोहोचवणाऱ्या) गाडीच्या मागच्या भागातून घरघर येऊ लागली किंवा डॅशबोर्डवर फोर-व्हीलचा दिवा लागला, की गॅरेजमध्ये बहुधा पहिले नाव निघते ते कपलिंगचे (मागच्या चाकांची ताकद जोडणाऱ्या-तोडणाऱ्या भागाचे) किंवा डिफरन्शियलचे (ती ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या गिअरसंचाचे), म्हणजे सर्वांत महाग भागांचे. माझ्या मते अशा तक्रारींची तपासणी टायर, तेल, चाकाचे सेन्सर आणि बेअरिंग यांपासून सुरू व्हायला हवी, आणि यातले बरेचसे काम गाडी गॅरेजच्या दारात नेण्याआधी मालकाला स्वतः करता येते.

सर्वप्रथम आपल्या गाडीत नेमकी कोणती यंत्रणा आहे ते पुस्तिकेतून पक्के करून घ्यावे, कारण त्यावरच पुढची तपासणी ठरते. दुसऱ्या पिढीच्या होंडा सीआर-व्हीमध्ये मागच्या डिफरन्शियलला जोडलेले दोन पंप असतात; पुढची चाके मागच्यांपेक्षा जोरात फिरू लागली की दोन्ही पंपांच्या दाबात फरक पडतो आणि त्या दाबाने क्लच आवळला जाऊन मागच्या चाकांना ताकद मिळते. हे सारे तेलाच्या दाबावर चालत असल्याने या भागाची तक्रार स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) उमटत नाही. भारतात २०१४ मध्ये आलेल्या रेनॉ डस्टर ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये मात्र मागच्या डिफरन्शियलपाशी विद्युतचुंबकीय कपलिंग आहे, ते संगणकाच्या आज्ञेने चालते आणि चालकाला टू-व्हील, ऑटो व लॉक अशा तीन स्थिती निवडता येतात. या गाडीत टू-व्हील निवडले तरी प्रोपेलर शाफ्ट (पुढून मागे ताकद नेणारा लांब दांडा) फिरतच राहतो, हे लक्षात ठेवावे. नाहीतर ‘टू-व्हीलवरही आवाज येतो, म्हणजे शाफ्ट निर्दोष’ असा उलटा निष्कर्ष निघतो.

टायरसाठी अर्धा तास राखून ठेवावा आणि तो वाचवण्याचा मोह टाळावा. चारही टायरची कंपनी, माप आणि बाजूवर छापलेला चार आकडी तारखेचा शिक्का लिहून घ्यावा. ‘२३१९’ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षीची खोली प्रत्येक टायरवर आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या खाचेत मोजावी, आणि हवा टायर थंड असताना तपासावी. त्यानंतर सपाट फरशीवर टायरच्या तळाशी खडूने रेघ ओढून तिच्या समोर जमिनीवरही खूण करावी, गाडी हळूच ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्यावा आणि दोन खुणांमधले अंतर टेपने मोजावे. चारही चाकांचे आकडे शेजारी लिहिले की फरक लगेच दिसतो. डस्टरच्या २१५/६५ आर १६ मापाच्या टायरचा घेर सुमारे २.१५ मीटर असतो, आणि नव्या टायरच्या तुलनेत पाच मिलिमीटर झिजलेला टायर दर किलोमीटरला सुमारे सात फेरे जास्त घेतो. पुढे दोन नवे टायर आणि मागे गोटा व्हायला आलेले दोन, अशी बचत केलेल्या गाडीत हा फरक प्रत्येक किलोमीटरला कपलिंगवर पडतो, ते तापते, आणि संगणक चाक घसरते आहे असे समजून चुकीचे निर्णय घेतो. डस्टरमध्ये पुढच्या-मागच्या चाकांच्या घेरात असा फरक जाणवला तर यंत्रणा स्वतःहून टू-व्हीलवर जाते. त्यामुळे टायरची विषमता आढळली असेल तर ती दूर केल्याशिवाय पुढच्या कोणत्याही दुरुस्तीला होकार देऊ नये.

यानंतर लक्षणांची टिपणवही करावी. आवाज कोणत्या वेगाला येतो, वळताना येतो की सरळ जाताना, ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढतो की सोडल्यावर, गाडी थंड असताना येतो की घाट चढून आल्यावर, हे दर वेळी त्याच दिवशी लिहावे, कारण आठवड्याने आठवून सांगितलेले बरेचदा फसवे निघते. वेगाबरोबर वाढणारी आणि स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे केल्यावर बदलणारी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते. पूर्ण वळणावर येणारी टकटक पुढच्या ॲक्सलच्या बाहेरच्या जॉइंटकडे बोट दाखवते. गिअर टाकून निघताना बसणारा ‘ठक्’ असा धक्का शाफ्टच्या क्रॉसचा (सांध्याचा) किंवा इंजिन माउंटिंगचा असू शकतो. आणि ठरावीक वेगालाच जाणवणारी थरथर आली तर सेंटर बेअरिंग (शाफ्टला मध्ये आधार देणारे) व शाफ्टचे बॅलन्सिंग पाहावे. जुन्या सीआर-व्हीत पार्किंगमधून पूर्ण वळण घेऊन निघताना मागून कण्हल्यासारखा आवाज आणि थरथर येत असेल, तर पहिला संशय मागच्या डिफरन्शियलच्या जुन्या तेलावर घ्यावा. डस्टर लॉकवर ठेवून कोरड्या डांबरी रस्त्यावर वळवली असता ती अडखळणारच, तो बिघाड नाही.

दिवा लागत असेल तर तो स्थिर आहे की लुकलुकतो हे पाहून, किलोमीटरचा आकडा दिसेल असे छायाचित्र काढून ठेवावे. फोर-व्हीलच्या दिव्यासोबत एबीएसचाही (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला असेल तर ती मोठी खूण आहे, कारण दोन्ही यंत्रणा चाकांच्या वेगाची माहिती त्याच सेन्सरकडून घेतात; कोकणातल्या लाल चिखलातून पावसाळाभर फिरलेल्या गाडीत सेन्सर, त्याची वायर आणि दातेरी रिंग यांची साफसफाई व तपासणी आधी मागावी. बॅटरी अशक्त असली तरी जुन्या गाडीत खोटे कोड उमटतात, म्हणून गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन सुरू असताना साधारण १४ व्होल्ट दाखवते का, ते पाहावे. बाजारातला स्वस्त स्कॅनर पुष्कळदा फक्त इंजिनचे कोड वाचतो, तेव्हा गॅरेजचा स्कॅनर एबीएस आणि फोर-व्हीलच्या संगणकापर्यंत पोहोचतो का, हे फोनवरच विचारून घ्यावे. कोड पुसण्याआधी त्यांचे छायाचित्र काढण्याची विनंतीही तेव्हाच करावी.

तेलाच्या बाबतीत गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (ताकद मागच्या शाफ्टकडे वळवणारी पेटी) आणि मागचे डिफरन्शियल यांची तेले वेगवेगळी असू शकतात, म्हणून पुस्तिकेतल्या त्या पानाची प्रत सोबत ठेवावी. सीआर-व्हीच्या त्या डिफरन्शियलला ड्युअल पंपसाठीचे खास तेल लागते, साधे गिअर ऑइल चालत नाही. तेल काढताना भरण्याचा नट आधी सैल होतो का हे पाहिल्याशिवाय खालचा नट उघडू देऊ नये, कारण वरचा नट गंजून अडकला तर रिकाम्या डिफरन्शियलची गाडी रॅम्पवरच अडकते. नटाच्या चुंबकावर करडा लगदा असणे स्वाभाविक आहे. धातूचे तुकडे किंवा करपलेला वास मात्र गंभीर समजावा.

यंत्रणा चालते का हे पाहण्यासाठी फक्त दोन चाके जॅकवर उचलून गिअर टाकण्याचा प्रयोग कुणालाही करू देऊ नये, कारण जमिनीवरच्या चाकांना ताकद मिळताच गाडी जॅकवरून उडी मारू शकते. ओल्या गवताच्या किंवा सुट्या मुरुमाच्या चढावर गाडी हळू चढवून बाजूला सुरक्षित अंतरावर उभ्या असलेल्या माणसाने मागची चाके पाहणे अधिक चांगले. गाडी टो करून न्यायची असेल तर चारही चाके वर असलेली फ्लॅटबेडच मागवावी.

आता मेकॅनिकशी बोलण्याची तयारी. त्यांना निदान सांगू नये, लक्षणे सांगावीत. ‘कपलिंग गेले आहे, बदला’ असे आपणच म्हटले, तर बदललेल्या कपलिंगची जबाबदारीही आपल्यावरच येते. जॉब कार्डवर (गॅरेजच्या कामाच्या नोंदपत्रावर) ‘चाळीसच्या वेगाला डावीकडे वळताना मागून घरघर’ अशी आपल्या शब्दांतली तक्रार लिहून घ्यावी आणि ज्या रस्त्यावर आवाज येतो तिथे त्यांना शेजारी बसवून नेऊन आणावे. तपासणीचे वेगळे पैसे द्यायला मागेपुढे पाहू नये, कारण शोधण्याचे पैसे मिळत नाहीत तेव्हा गॅरेजला भाग बदलूनच कमवावे लागते. कोणताही भाग बदलण्याचा सल्ला आला, की ‘हा भाग खराब आहे हे कोणत्या तपासणीतून कळले?’ एवढेच शांतपणे विचारावे. चांगला कारागीर या प्रश्नाने दुखावत नाही, उलट रॅम्पखाली बोलावून बेअरिंगचा खेळ हाताने दाखवतो. शाफ्ट काढून गाडी चालवून पाहण्याची सूचना निदानापुरती योग्य असू शकते, मात्र काढण्याआधी फ्लॅन्जवर (जोडाच्या चकतीवर) रंगाची खूण करायला सांगावे. तोच शाफ्ट कायमचा काढून टाकण्याच्या सल्ल्याला घाईने मान डोलावू नये.

एस्टिमेट लेखी घ्यावे, त्यापेक्षा खर्च वाढणार असेल तर आधी फोन यावा असे ठरवावे आणि काढलेले भाग परत मागावेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारातून जुना भाग आणायचा झाल्यास पार्ट नंबर जुळवूनच पैसे द्यावेत. एका वेळी एकच दुरुस्ती करून गाडी त्याच रस्त्यावर पुन्हा चालवावी, आणि बिलावर किलोमीटर, तेलाचे नाव, पार्ट नंबर व कामाची हमी लिहून घ्यावी. वाद मिटला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि तिथे तक्रार नोंदवताना जॉब कार्ड व बिल हाताशी असावे लागते.