प्युअर डेटाला हातभार लावायचा असेल तर

प्युअर डेटा, म्हणजे वापरणाऱ्यांच्या तोंडचे ‘पीडी’, हे संगीत आणि ध्वनी घडवण्याचे सॉफ्टवेअर मिलर पकेट यांनी १९९६ च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान दिएगो शाखेत लिहायला घेतले. त्याआधी १९८० च्या दशकात पॅरिसच्या इर्कॅम या संगीत-संशोधन संस्थेत असताना त्यांनीच ‘मॅक्स’ हा प्रोग्रॅम लिहिला होता. पुढे १९९० मध्ये ऑपकोड कंपनीने तो बाजारात आणला, आणि पीडी मात्र पहिल्यापासून खुले राहिले. यात ओळी लिहून प्रोग्रॅम तयार होत नाही. पडद्यावर चौकटी मांडून त्या तारांनी जोडायच्या, म्हणजे संख्या, संदेश आणि ध्वनिसंकेत त्या तारांतून वाहू लागतात. काम करणाऱ्या चौकटीला ‘ऑब्जेक्ट’ आणि अशा जोडलेल्या मांडणीला ‘पॅच’ म्हणतात. सोर्स कोड गिटहबवर तीन कलमी बीएसडी परवान्याखाली उपलब्ध आहे. त्यामुळे आपण दिलेला कोडही त्याच परवान्याने जगाला मिळणार हे गृहीत धरावे आणि जीपीएल परवान्याखालील दुसऱ्या प्रकल्पातला तुकडा उचलून गाभ्यात, म्हणजे पीडीच्या मुख्य कोडमध्ये, घालू नये.

पीडी वापरता येते, थोडेफार सी भाषेतले प्रोग्रॅमिंग येते, आणि आता या प्रकल्पाला काहीतरी द्यावे असे वाटते, अशा वाचकासाठी हे मार्गदर्शन आहे. असा माणूस बहुधा सरळ गाभ्यातल्या सी कोडला हात घालतो, आणि माझ्या मते तीच जागा नवख्यासाठी सर्वांत गैरसोयीची आहे. याचे कारण पीडीच्या मूळ हेतूत आहे. संगीतकार फिलिप मानूरी यांच्या ‘ज्युपिटर’ (१९८७, बासरी आणि संगणक) आणि ‘प्लुटॉन’ (१९८८, पियानो आणि संगणक) या रचनांसाठी पकेट यांनी काम केले होते, आणि अशा रचना पीडीत आणून वाजत्या ठेवण्याचा प्रकल्पही त्यांनी चालवला. मैफलीत वाजणारी रचना तीस-चाळीस वर्षांनी पुन्हा वाजवायची झाली तर तिचा संगणकीय भागही तसाच वाजला पाहिजे; म्हणून १९९० च्या दशकात जतन केलेला पॅच आजच्या आवृत्तीत उघडावा आणि त्याचा आवाज बदलू नये हा तिथला अलिखित कायदा आहे. एखाद्या ऑब्जेक्टचे वर्तन बदलावेच लागले तर जुन्या आवृत्तीप्रमाणे वागण्यासाठी ‘कंपॅटिबिलिटी’ हा पर्याय दिला जातो. ‘हे फिल्टर अधिक चांगले करता येईल’ असा प्रस्ताव घेऊन गेलेल्याला ‘जुन्या पॅचचे काय?’ हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जाईल, हे ओळखूनच कामाची निवड करावी.

दोषाची तक्रार कशी नोंदवावी

सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी केले जाणारे योगदान म्हणजे नीट नोंदवलेला बग. आपल्या दोनशे चौकटींच्या मैफलीच्या पॅचमध्ये आवाज अडखळतो, एवढे सांगून कोणालाही काही शोधता येत नाही. पॅचची प्रत काढावी आणि एकेक भाग काढून टाकत जावे. दोष दिसेनासा झाला की शेवटी काढलेला भाग परत आणावा. पाच-सात चौकटींत दोष शिल्लक राहिला की पुढचे अर्धे काम झालेले असते, आणि पुष्कळदा याच वाटेवर आपल्या लक्षात येते की दोष पीडीचा नसून आपल्याच तारांच्या क्रमाचा होता.

यानंतर तोच छोटा पॅच कोऱ्या वातावरणात तपासावा. पीडी सुरू करताना ‘-नोप्रेफ्स’ हा पर्याय दिला की आपल्या जुन्या सेटिंग्ज आणि आपोआप चढणाऱ्या लायब्रऱ्या (जादा ऑब्जेक्टांचे संच) बाजूला राहतात; ‘-व्हर्बोज’ दिला की कोणती फाइल कोठे शोधली हे कन्सोलवर दिसते. दोष केवळ एखादी बाहेरची लायब्ररी चढवल्यावरच येत असेल तर तक्रार त्या लायब्ररीच्या रिपॉझिटरीत न्यावी. नोंद करताना पीडीची नेमकी आवृत्ती, कार्यप्रणाली, ३२ की ६४ बिट आणि ध्वनीसाठी वापरलेली व्यवस्था (अल्सा, जॅक, कोअरऑडिओ, एएसआयओ यांपैकी कोणती) हे लिहावे, कारण ध्वनीतल्या खंडाचे कारण अनेकदा पीडीत नसून या मधल्या थरात असते. पीडी पूर्ण कोसळत असेल तर ते जीडीबी या दोष शोधण्याच्या साधनात चालवून बॅकट्रेस (कोसळताना कोणती फंक्शने चालू होती त्याची यादी) जोडावा.

मदतपॅच आणि पॅचच्या फाइलचा स्वभाव

कोणत्याही ऑब्जेक्टवर उजवे क्लिक करून ‘हेल्प’ निवडले की त्याच्या नावापुढे ‘-हेल्प’ लावलेला पॅच उघडतो. हे मदतपॅच स्वतः चालणारे पॅचच असतात, त्यामुळे त्यांत बदल करताना स्पष्टीकरण आणि चालता नमुना या दोन्ही गोष्टी एकदम सांभाळाव्या लागतात. एखाद्या इनलेटचे (चौकटीत तार जेथे येते त्या जागेचे; तार निघते ते आउटलेट) वर्णन राहून गेलेले असते, कोठे एकक दिलेले नसते, एखादे उदाहरण ध्वनी सुरू न करताच चालेल असे भासवते; असे दोष रोज वापरणाऱ्याला चटकन दिसतात आणि जाणकाराच्या नजरेतून सुटतात. नवख्याने सुरुवात येथून करावी असे मला वाटते.

मात्र त्याआधी पॅचची फाइल आतून कशी असते हे समजून घ्यायला हवे, कारण चित्रासारखा दिसणारा पॅच डिस्कवर साध्या मजकुराच्या रूपात साठवलेला असतो. पहिल्या ओळीत खिडकीची जागा, आकार आणि अक्षरांचा आकार असतो. मग प्रत्येक चौकटीची एक ओळ, तिच्या पडद्यावरील स्थानासह, येते आणि शेवटी जोडण्यांच्या ओळी येतात. जोडणीच्या ओळीत चौकटीचे नाव नसते, चार आकडे असतात: कितव्या चौकटीच्या कितव्या आउटलेटपासून कितव्या चौकटीच्या कितव्या इनलेटपर्यंत. चौकटींची मोजणी शून्यापासून, फाइलमधल्या क्रमाने होते आणि त्यात टिप्पण्याही धरल्या जातात. म्हणून सुरुवातीची एक टिप्पणी पुसली की पुढच्या सगळ्या जोडण्यांचे आकडे बदलतात, आणि एका वाक्याच्या दुरुस्तीसाठी गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) शंभर ओळींचा फरक दिसू लागतो. तो तपासणाऱ्याला आपण नेमके काय केले हे कळणे जवळजवळ अशक्य होते.

यावर उपाय सोपे आहेत, पण शिस्त लागते. टिप्पणी पुसून नवी लिहिण्याऐवजी असलेल्या टिप्पणीतलाच मजकूर बदलावा. चौकट कापून परत चिकटवू नये, कारण चिकटवलेली चौकट क्रमात शेवटी जाते. केवळ वाचण्यासाठी उघडलेला पॅच जतन करू नये; खिडकी इकडची तिकडे सरकली तरी पहिली ओळ बदलते. कमिट करण्याआधी, म्हणजे बदल गिटमध्ये पक्का नोंदवण्याआधी, गिटचा फरक डोळ्यांखालून घालावा आणि आपल्या हेतूबाहेरची प्रत्येक ओळ मागे घ्यावी.

याच रचनेतून आणखी एक धोका निघतो. एकाच आउटलेटमधून अनेक तारा निघाल्या असतील तर संदेश त्या जोडल्या गेल्या त्या क्रमाने जातात, आणि हा क्रम चित्रात कोठेही दिसत नाही. नमुना पॅचमध्ये जेथे क्रमाला महत्त्व आहे तेथे ‘ट्रिगर’ ऑब्जेक्ट घालावा. त्याचे आउटलेट उजवीकडून डावीकडे क्रमाने बोलतात, म्हणून क्रम वाचणाऱ्याला डोळ्यांनी दिसतो.

मराठी भाषांतर

पीडीच्या मेन्यूंचे आणि संवादचौकटींचे भाषांतर ‘पीओ’ फाइलींमधून (मूळ वाक्य आणि त्याचे भाषांतर अशा जोड्यांच्या फाइलींमधून) होते. सोर्समधल्या त्याच नावाच्या फोल्डरमध्ये कोणत्या भाषा आहेत ते पाहून कामाला लागावे. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही हे करता येते. मूळ वाक्यातली ‘%’ चिन्हाने सुरू होणारी खूण भाषांतरात जशीच्या तशी ठेवावी लागते, कारण चालताना तेथे फाइलचे नाव किंवा आकडा बसतो. ऑब्जेक्टची नावे मात्र कधीही भाषांतरित करायची नसतात. ती पॅचच्या फाइलीत साठवली जातात आणि बदलली तर पॅच उघडणार नाही.

देवनागरीपुरती एक अडचण खरी आहे. पीडीचा दर्शनी भाग टीसीएल ही भाषा आणि खिडक्या-मेन्यू काढणारे तिचे टीके हे साधन यांत लिहिलेला आहे. लिनक्सवर ८.६ मालिकेतले टीके अक्षरे काढण्यासाठी एक्सएफटी ही लायब्ररी वापरते आणि ती जोडाक्षरांची जुळणी करत नाही. परिणामी ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला आणि जोडाक्षरे सुटी सुटी दिसतात. विंडोज व मॅकवर ही जुळणी कार्यप्रणाली करते. त्यामुळे मराठी भाषांतर करणाऱ्याने ते तिन्ही ठिकाणी उघडून पाहावे. पॅचमधल्या टिप्पण्या मराठीत लिहिता येतात, कारण ०.४३ आवृत्तीपासून पीडी यूटीएफ-८ मजकूर स्वीकारते. तेथेही लिनक्सवर दिसण्याची हीच अडचण येते.

नवा ऑब्जेक्ट द्यायचा असेल तर

जे पॅच करूनच साधते त्यासाठी सी लिहू नये. पुन्हा पुन्हा लागणारा पॅच वेगळ्या फाइलीत ठेवला की तो स्वतःच एक ऑब्जेक्ट होतो. त्याला ॲब्स्ट्रॅक्शन म्हणतात. तंबोऱ्याचे उदाहरण घेऊ. एका तारेचा पॅच करावा, त्यात छोटा आघात ‘डेलराइट~’ आणि ‘डेलरीड~’ या ध्वनी विलंबाने परत देणाऱ्या जोडीच्या फेऱ्यात सोडावा, आणि मंद्र पंचम, दोन षड्ज व खर्ज अशा चार तारांसाठी त्याच्या चार प्रती मांडाव्यात. येथे डिलेच्या नावापुढे ‘$०’ लावणे विसरले तर चारही तारा एकाच नावाने लिहू लागतात आणि कन्सोलवर ते नाव अनेकदा वापरल्याची ताकीद येते; ‘$०’ मुळे प्रत्येक प्रतीला स्वतःचा वेगळा क्रमांक मिळतो. वारंवारता ‘$१’ मधून, म्हणजे ऑब्जेक्टच्या नावापुढे लिहिलेल्या पहिल्या आकड्यातून, थेट हर्ट्झमध्ये घ्यावी. मिडी स्वरक्रमांकावरून वारंवारता काढणारे ‘एमटॉफ’ पूर्ण क्रमांकांसह वापरले तर पंचम समविभाजित सप्तकातला, ७०० सेंटचा (सप्तक म्हणजे १२०० सेंट) मिळेल, आणि कानाला हवा तो षड्जाच्या दीडपट, म्हणजे सुमारे ७०२ सेंटचा असतो. पीडी ध्वनीचे गणित ६४ नमुन्यांच्या (ध्वनीच्या एकेका मोजलेल्या मूल्याच्या, ‘सँपल’च्या) गटांत करते, म्हणून असल्या फेऱ्यातला विलंब एका गटाहून कमी होत नाही: ४४,१०० हर्ट्झला सुमारे १.४५ मिलिसेकंद, म्हणजेच ६८९ हर्ट्झच्या वरचा स्वर निघत नाही. तंबोऱ्याला ही मर्यादा आड येत नाही. उंच स्वरांसाठी उपपॅचमध्ये (पॅचच्या आतल्या पॅचमध्ये) गट एकाच नमुन्याचा करणारा ‘ब्लॉक~ १’ घालावा लागतो, आणि हे मदतपॅचमध्ये लिहून ठेवावे.

सी भाषेत लिहिलेल्या ऑब्जेक्टला एक्स्टर्नल म्हणतात. ‘एम_पीडी’ ही हेडर फाइल आणि ‘पीडी-लिब-बिल्डर’ ही तयार मेकफाइल (बांधणीच्या सूचनांची फाइल) घेतली की तिन्ही कार्यप्रणालींसाठी बांधणीची कटकट बरीच कमी होते. ऑब्जेक्टचे नाव ‘~’ ने संपत असेल तर ऑब्जेक्टची पीडीत नोंद करणाऱ्या सेटअप फंक्शनच्या नावात त्या जागी ‘_टिल्डे’ येते. हे चुकले की ऑब्जेक्ट सापडतच नाही. ध्वनीवर प्रक्रिया करणारे फंक्शन सेकंदाला सुमारे ६८९ वेळा चालते, तेव्हा त्यात स्मृती मागणे, फाइल उघडणे किंवा कन्सोलवर लिहिणे टाळावे. सर्वांत फसवा सापळा याच फंक्शनमध्ये असतो: आत येणारा आणि बाहेर जाणारा ध्वनी साठवण्यासाठी पीडी बऱ्याचदा एकच जागा देते. दोन आउटलेट असलेल्या ऑब्जेक्टमध्ये पहिल्याचे सर्व नमुने लिहून मग दुसऱ्यासाठी इनपुट वाचायला गेलो तर ते इनपुट आपणच पुसलेले असते. प्रत्येक नमुन्याची सर्व इनपुट आधी वाचून चलांत ठेवावीत आणि मगच आउटपुट लिहावे. एका पॅचमध्ये चालणारा ऑब्जेक्ट दुसऱ्यात का बिघडतो याचे उत्तर पुष्कळदा येथेच सापडते. तसेच ‘फ्लोट’ न लिहिता ‘टी_फ्लोट’ आणि ‘टी_सँपल’ वापरावे, म्हणजे दुहेरी अचूकतेच्या पीडीवरही कोड चालतो.

तयार लायब्ररी डेकेनमधून वाटावी. लायब्रऱ्या शोधून बसवणारा हा शोधक ०.४७ आवृत्तीपासून पीडीतच असतो. पॅकेजच्या नावात कार्यप्रणाली, प्रोसेसर आणि अचूकता लिहिलेली असते, म्हणून ते हाताने न देता डेकेनच्याच आज्ञेने बनवावे. सोबत मदतपॅच आणि सोर्सही चढवावा. नाव निवडण्याआधी सायक्लोन, झेक्सी, एल्स अशा मोठ्या लायब्रऱ्यांत ते आधीच वापरलेले नाही ना, हे पाहावे.

गाभ्यातला बदल

इतके झाल्यावरही गाभ्यातच दुरुस्ती हवी असेल तर सोर्स उतरवून ऑटोजेन, कॉन्फिगर आणि मेक या तीन पायऱ्यांनी पीडी बांधावे आणि बसवण्याची घाई न करता ‘बिन’ फोल्डरमधूनच चालवून पाहावे. गणिताचा आणि ध्वनीचा भाग सीमध्ये आणि दर्शनी भाग टीसीएलमध्ये असून दोघे एकाच संगणकावर सॉकेटमधून एकमेकांशी बोलतात, त्यामुळे दोष कोणत्या बाजूचा आहे हे आधी ठरवावे. दर्शनी भाग बंद ठेवणारा ‘-नोगुई’ पर्याय देऊनही तो दिसत असेल तर टीसीएल वाचण्यात वेळ घालवू नये. आसपासच्या कोडची मांडणी, चार जागांचा समास आणि स्वतंत्र ओळीवरचे कंस आवडोत न आवडोत, तसेच पाळावेत, आणि दुरुस्तीबरोबर शेजारचा कोड ‘नीटनेटका’ करण्याचा मोह आवरावा. एका पुल रिक्वेस्टमध्ये (आपला बदल सामावून घेण्याच्या विनंतीत) एकच गोष्ट असावी, तिच्यासोबत दोष दाखवणारा तो पाच चौकटींचा पॅच असावा, आणि जुन्या पॅचवर काय परिणाम होतो हे वर्णनाच्या पहिल्या परिच्छेदातच लिहिलेले असावे.