मागचा टायर चौडा टाकताय? या चुका टाळा

मोटरसायकलला मागे 100/90-17 (100 मिमी रुंदी, उंची रुंदीच्या 90 टक्के, रिम 17 इंची) च्या जागी 120/80-17 बसतो का, असं विचारलं तर दुकानदार ‘बसतो’ म्हणतो, आणि तो खोटं बोलत नाही. टायर रिमवर चढतो, हवा भरली की दोन्ही कडा फट्‌कन जागेवर बसतात. बिघाड पुढे कळतो, गाडी वळवताना आणि तीन-चार हजार किलोमीटरनंतर टायरची नक्षी बघताना.

रिमचा आकडा न बघता टायर घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. चाकावर 17×2.15 असं काहीतरी कोरलेलं असतं, यातला 2.15 म्हणजे रिमची आतली रुंदी, इंचात. साधारण हिशेब असा: 2.15 च्या रिमला 100 चा टायर नीट बसतो, 110 चा चालून जातो. 120/80 ला किमान 2.50 हवी, 130/70 ला 3.00 आणि 140/60 ला 3.50.

अरुंद रिमवर चौडा टायर चढवला की त्याच्या बाजू आत दाबल्या जातात आणि माथा वर येतो. सगळा भार मधल्या पट्ट्यावर पडतो. नागपूरच्या वर्धा रोडसारख्या सरळ सिमेंट रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीचा टायर तसाही मधूनच झिजतो. दाबलेल्या टायरचा मधला पट्टा तर गुळगुळीत होतो आणि कडेची नक्षी नव्यासारखी राहते. म्हणजे पैसे 120 च्या टायरचे, वापर जेमतेम मधल्या पट्ट्याचा. त्यात रिम अर्धा इंच कमी पडली की टायरची खरी रुंदीही सुमारे 5 मिमी घटते. रुबाबासाठी टाकला असेल तर तोही पूर्ण मिळत नाही!

उलट चूकही होते. रुंद रिमवर स्वस्तातला अरुंद टायर टाकला की बाजू ताणल्या जातात, माथा सपाट होतो आणि खड्ड्यात रिमची कड सरळ आपटते.

हँडल जड झालं की बेअरिंगला दोष देणं

टायर रुंद असेल तर वळताना रस्त्याला टेकणारा भाग मध्यापासून जास्त आत सरकतो. त्यामुळे तेच वळण त्याच वेगात घ्यायला गाडी थोडी जास्त झुकवावी लागते, आणि ती झुकायला वेळ घेते. चाकाचं वजन वाढल्याने पिकअप आणि मायलेजही थोडं उतरतं. आपल्याकडे हा फरक सिमेंट रोड आणि कडेचे गट्टू (पेव्हर ब्लॉक) यांच्या सांध्यावर चांगलाच जाणवतो. दोन-तीन सेंटिमीटरची उभी कड तिरकी ओलांडताना टायरची एक बाजू आधी उचलली जाते आणि गाडी आपोआप एकीकडे ओढते. अशी कड शक्यतो काटकोनाच्या जवळपास ओलांडा.

टायर बदलल्या दिवसापासून हँडल जड असेल तर बेअरिंग खोलायच्या आधी हवा मोजा, मग रिमचा आकडा बघा. जुन्याच टायरवर हळूहळू जड झालं असेल आणि हवा बरोबर असेल, तर मात्र बेअरिंग तपासायलाच हवं.

जुन्या चेनवर जागा मोजणं

हे फार कमी जण बघतात. चेन ताणलेली असते तेव्हा एक्सल मागे सरकलेला असतो आणि टायर आरामात फिरतो. सहा महिन्यांनी नवा चेनसेट पडला की एक्सल पुढे येतो आणि तोच टायर चिमट्याच्या (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या) आडव्या नळीला किंवा मडगार्डला घासायला लागतो. म्हणून एक्सल पूर्ण पुढे असेल असं धरून जागा मोजा. दोन्ही बाजूंना, चेनकव्हरकडे आणि पुढे निदान 5 मिमी मोकळे हवेत. 100/90-17 चा व्यास साधारण 612 मिमी, 120/80-17 चा 624. म्हणजे टायर नुसता रुंद नाही, एक्सलपासून 6 मिमी उंचही होतो.

दुपारी हवा कमी करणं

मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो. उन्हात चालून आलेल्या टायरमध्ये हवा 3-4 पीएसआय जास्त दाखवते, आणि पंपवाला ती काढून टाकतो. सकाळी तोच टायर कमी हवेवर चालतो, कडा झिजतात, गाडी वळणावर डुलते. हवा सकाळी, थंड टायरवर मोजा. चौड्या टायरला हवा कमी लागते हाही समज सोडा. गाडीच्या स्टिकरवरचा आकडा धरा, डबल सीटचा वेगळा दिला असेल तर तोही.

चौडा टायर आधीच टाकला असेल आणि रिम एका मापाने कमी पडत असेल, तर लगेच फेकू नका. वर सांगितल्याप्रमाणे जागा मोजा, हवा बरोबर ठेवा आणि दर महिन्याला मधल्या नक्षीची खोली कडेच्या नक्षीशी ताडून बघा. मधल्या खाचांतल्या झीज दाखवणाऱ्या उंचवट्यांशी नक्षी समतल झाली की टायर संपला, कडेला कितीही नक्षी असो. पुढचा टायर कंपनीच्या मापाचाच घ्या, आणि घेताना बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: 2324 म्हणजे टायर 2024 च्या 23 व्या आठवड्यात बनलेला.