डोंगरी जंगलातल्या नियोजित जाळणीचा परिणाम मोजताना या चुका टाळा

जंगलात ठरवून आग लावली जाते, ही जाळणी होते, धूर विरतो आणि दुसऱ्या दिवशी लोक पिशव्या घेऊन मातीचे नमुने काढायला डोंगर चढतात. वर्षभराने तक्ते माझ्यासमोर येतात. नत्र वाढलं, सामू (pH) वाढला, हिरवे फुटवे आले, म्हणजे आग जंगलाला मानवली, असा निष्कर्ष खाली लिहिलेला असतो. आकडे खोटे नसतात. पण बऱ्याचदा त्यांत आगीपेक्षा नमुना घेणाऱ्याच्या हाताचाच परिणाम जास्त उतरलेला असतो.

पहिली चूक जाळणीच्या आधीच होते. मोजमापच केलेलं नसतं. "शेजारचा उतार जळालेला नाही, त्याच्याशी तुलना करू," असं सांगतात. तो उतार जळाला नाही याला कारण असतं. तिथे ओल जास्त, सावली जास्त, झाडंही वेगळी. त्याची माती आगीच्या आधीपासूनच निराळी होती. दोन्ही उतार आधी मोजा, मग एक जाळा. त्याला वर्ष जास्त लागलं तर लागू द्या.

आता ज्या चुकीने मला सगळ्यात जास्त छळलं, तिच्याबद्दल. काही वर्षांपूर्वी मी एका जाळणीवर मातीच्या नमुन्यांचं काम पाहत होतो. आधीच्या फेरीत आम्ही पालापाचोळा आणि त्याखालचा कुजलेला थर हाताने बाजूला सारून, उघड्या मातीपासून १० सेंटिमीटर खोल नमुने घेतले. जाळणीनंतरच्या फेरीला दुसरी माणसं होती. वर काळं पडलेलं दिसलं, पालापाचोळा तर जळून गेलाय, मग बाजूला काय सारायचं, असं वाटून त्यांनी नमुना काढायची नळी सरळ त्या काळ्या पृष्ठभागातूनच खाली ठोकली. प्रयोगशाळेतून आकडे आले. कॅल्शियम वाढलेलं, सामू वाढलेला, इथवर ठीक, राखेने तसं होतंच. पण सेंद्रिय कर्बही वाढलेला होता. हलक्या आगीनंतर खालच्या मातीत कर्ब एवढा कुठून येणार? मी नमुन्यांची कोरडी वजनं काढून पाहिली. नळी तीच, खोली तीच, तरी जाळणीनंतरचा प्रत्येक नमुना आधीच्यापेक्षा हलका. म्हणजे नळीत वरचे काही सेंटिमीटर माती नव्हतीच, अर्धवट जळालेला थर आणि राख होती. पुन्हा नमुने घ्यायचं म्हटलं, तर तोवर एक पावसाळा होऊन गेला होता. पूर्ण हंगामाचे आकडे टाकून द्यावे लागले.

तेव्हापासून मी जाळणीआधी प्रत्येक प्लॉटमध्ये लोखंडी सळया ठोकतो. सळईचं डोकं पालापाचोळ्याच्या बरोबरीला ठेवायचं. आगीनंतर जेवढी सळई उघडी पडेल, तेवढा थर जळाला. उरलेला थर वेगळ्या पिशवीत, राख वेगळ्या पिशवीत, माती वेगळ्या पिशवीत. तीन पिशव्या वाहण्याचा कंटाळा येत असेल तर हे काम घेऊ नये.

नत्राबद्दलचा गैरसमज यातूनच येतो. नत्र साधारण २०० अंश सेल्सियसलाच वायुरूपात निसटायला लागतं. पालाशाला त्यासाठी ७६० च्या, स्फुरदाला ७७० च्या आसपास तापमान लागतं आणि कॅल्शियमला १४८० च्याही वर. म्हणून हलक्या आगीत नत्र धुरातून जातं आणि कॅल्शियम बव्हंशी राखेत राहतं. पण गेलेलं नत्र शोधायचं कुठे? हिशेब करून पाहा. हेक्टरी १० टन पालापाचोळा आणि कुजका थर धरा, त्यात १ टक्का नत्र, म्हणजे १०० किलो. त्यातला अर्धा जळाला तर ५० किलोच्या आसपास गेलं. खालच्या १० सेंटिमीटर मातीचं वजन हेक्टरी सुमारे १००० टन. त्यात ०.२ टक्के नत्र धरलं तरी २००० किलो होतं. मातीच्या मोजणीत ५ टक्के इकडेतिकडे झालं की १०० किलोचा फरक पडतो, त्यात ते ५० किलो कुठे दिसणार? आणि लोक लिहितात, "नत्रावर परिणाम आढळला नाही." परिणाम वरच्या थरात झाला होता, त्यांनी मोजली माती. ठरावीक चौकटीतला सगळा थर उचलून, वाळवून, वजन करून आधीचा आणि नंतरचा साठा काढल्याशिवाय नत्राबद्दल बोलू नका. नुसती टक्केवारी फसवते, कारण थराचं वजनच बदललेलं असतं.

याउलट आठवड्याभरात मातीत अमोनियम, म्हणजे नत्राचं एक रूप, वाढलेलं दिसतं आणि लोक त्याला खत समजतात. ती वाढ खरी असते, पण थोड्या काळाची. त्यातलं काही पुढे नायट्रेट होतं, ते मुळांनी घेतलं नाही तर पाण्याबरोबर खाली जातं. एकदा मोजून थांबू नका. आणि नमुने लगेच बर्फावर ठेवा. गाडीत दोन दिवस तापलेल्या पिशवीत सूक्ष्मजीव आपलं काम करतच असतात.

एका जळालेल्या उतारावर दहा चौकटी टाकल्या म्हणजे दहा प्रयोग झाले असं नाही. आग एकच, म्हणून तो एकच प्रयोग. परिसंस्थाशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये हे लिहून ठेवलं, तरी ही चूक अजून चालू आहे.

डोंगरात माथा, मधला उतार आणि घळ यांची सरासरी काढू नका. चढाच्या दिशेने जाणारी आग पुढचं इंधन आधीच तापवत जाते, माथ्यावर जोरात जळते. ओली घळ कित्येकदा जळतच नाही. सरासरीने जी आग दिसते, ती त्या डोंगरात कुठेच लागलेली नसते.

झाडोऱ्याच्या मोजणीत खोडं आणि ठोंब (एकाच बुडातून फुटलेल्या खोडांचा पुंजका) वेगवेगळे मोजा. अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगरांतली कॅल्मियाची झुडपं किंवा ओकची कोवळी झाडं वरून जळतात आणि बुडातून फुटतात. एका खोडाच्या जागी आठ फुटवे येतात. नुसती खोडं मोजली तर जंगल दाट झालंय असं वाटतं, प्रत्यक्षात सावली कमी झालेली असते. वर्षायू रोपं मोजायची तर आधी आणि नंतर त्याच आठवड्यांत जा.

शेवटची चूक जुन्या झाडांची. बरीच दशकं आग न लागलेल्या जंगलात मोठ्या पाइनच्या बुंध्याशी सालीचा आणि सुईसारख्या पानांचा जाड ढीग साचतो, झाडाची बारीक मुळं वर येऊन त्यातच वाढतात. ज्वाळा मिनिटभरात पुढे जातात, पण हा ढीग तासन् तास धुमसतो. वर शेंडा हिरवागार, साल जेमतेम काळवंडलेली. अशी कितीतरी झाडं मी पहिल्या वर्षी 'जिवंत' म्हणून नोंदवली आणि तिसऱ्या वर्षी ती वाळलेली पाहिली. त्या झाडांची हळहळ मला अजून आहे. आता जाळणीच्या सकाळी मी बुंध्याशी बोटं खुपसून खालचा थर चाचपतो. कोरडा लागला तर तो ढीग झाडापासून ओढून घेतो, नाहीतर जाळणी पुढे ढकलायला सांगतो. आणि मेलं की जगलं, हा रकाना तीन हंगाम पेन्सिलीनेच भरतो.