लिनक्सवर आल्यानंतर जुने मराठी लेख कसे वाचते केले

विंडोज १०चा नियमित सुरक्षा-पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यावर मी जुना संगणक न टाकता त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत संगणक-प्रणाली बसवली. इन्स्क्रिप्ट हा प्रमाणित कळफलक दोन्हीकडे सारखाच असल्याने टंकलेखनाची सवय तशीच उपयोगी पडली, ही फार मोठी सोय आहे.

खरी अडचण जुन्या लेखांची होती. युनिकोडपूर्व (म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र संकेतांक देणारी युनिकोड ही प्रमाणित पद्धत रूढ होण्याआधीच्या) फॉन्टमध्ये मराठी अक्षरे प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या जागी साठवलेली असतात, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर सगळा मजकूर निरर्थक रोमन चिन्हांसारखा दिसतो. माझ्याकडचा फॉन्ट नव्या प्रणालीत बसवून लिब्रेऑफिस हे लेखनाचे सॉफ्टवेअर पुन्हा उघडताच लेख वाचता आले. परंतु त्यांत मराठी शब्द शोधता येत नव्हता, म्हणून परिवर्तक वापरून ते युनिकोडमध्ये आणले. या टप्प्यावर ऱ्हस्व इकार आणि रफार यांकडे बारकाईने पाहावे लागते, कारण जुन्या फॉन्टमध्ये इकार व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर, म्हणजे डोळ्यांना दिसतात तसे, साठवलेले असतात, तर युनिकोडमध्ये क्रम उच्चारानुसार असतो. ‘स्थिती’, ‘कार्य’ असे शब्द मी प्रत्येक लेखात शोधून तपासले आणि मूळ फाइली स्वतंत्र फोल्डरमध्ये जपून ठेवल्या.