हजेरीपटातली चिठ्ठी

सकाळी ठाण्याहून वाशीची लोकल पकडायची, कोपरखैरण्याला उतरायचं, घंटेआधी मस्टरवर सही करायची. यात शांत बसून प्रार्थना कुठली? मी एक साधी युक्ती केलीय. बायबलमधल्या स्तोत्र २३ मध्ये नेमकी ६ वचनं आहेत आणि आमची शाळाही सोमवार ते शनिवार. रोजचं एक वचन चिठ्ठीवर लिहून हजेरीपटात ठेवते. मोबाइलवर नको, तो उघडला की पालकांच्या ग्रुपवरचे मेसेजच आधी दिसतात! ऐरोली-रबाळे येईपर्यंत वचन पाठ होतं.

मंगळवारी दुसरं वचन, संथ पाण्याचं. आणि नेमका त्याच दिवशी मधल्या सुट्टीनंतर सातवी ‘ब’चा तास, तिथे संथ काहीच नसतं. ओरडायच्या आधी पट उघडायचा, चिठ्ठीवर नजर टाकायची, मग फळ्याकडे वळायचं. निम्म्या वेळा तरी आवाज चढत नाही. मुलांना मात्र यातलं काही ऐकवायचं नाही, वर्ग सगळ्यांचा आहे. गैरहजर मुलाच्या नावापुढे खूण करताना त्याच्यासाठी मनातल्या मनात एक ओळ म्हणावी. शनिवारी चिठ्ठ्या फाडू नका, सोमवारपासून पुन्हा चालतात.